वाचकांचे प्रश्न : समुद्र किती तापला की वादळ उठतं?

‘अरबी समुद्र तापतोय, म्हणून वादळं वाढतायत’ हे वाक्य आता दर मे महिन्यात कानावर पडतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे आणि त्यातून बरेच गैरसमज झाले आहेत. त्याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे समुद्राचं पाणी दरवर्षीच कोमट असतं. २६.५ अंशांच्या वर पाणी गेलं की चक्रीवादळ तयार होतं, असं वाचलं होतं. मग ते दरवर्षी का येत नाही? (रेवदंडा)

कारण २६.५ अंश सेल्सिअस ही अनेक अटींपैकी एक अट आहे. मे महिन्यात अरबी समुद्राचा बराच भाग २९ ते ३० अंशांवर असतो, केरळ-लक्षद्वीपच्या बाजूला तर ३० च्याही वर. नुसत्या तापमानानं वादळं उठत असती, तर मे महिन्यात होड्या बंदरातून बाहेरच पडल्या नसत्या.

पाणी गरम हवंच, पण ते साधारण ५० मीटर खोलीपर्यंत गरम हवं. ३ ते ६ किमी उंचीवरची हवा दमट हवी. ती कोरडी असेल तर वर चढणारे ढग तिथेच विरतात. जागा विषुववृत्तापासून निदान ५ अंश तरी लांब हवी, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी कलाटणी मिळते ती विषुववृत्ताजवळ फारच क्षीण असते. तिथे आधीपासून एखादं कमी दाबाचं क्षेत्र हवं. आणि शेवटची अट अशी की खालचा वारा आणि वरचा वारा यांच्यात फार तफावत नको. अरबी समुद्रात बहुतेक वेळा वादळाचा घात होतो तो या शेवटच्या अटीवर.

चक्रीवादळ म्हणजे १२ ते १५ किमी उंचीचं एक धुराडं समजा. समुद्रावरची दमट हवा त्यातून वर चढते, थंड होते, वाफेचं पाणी होतं. १ किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता सुटते. त्या उष्णतेनं धुराड्यातली हवा आणखी हलकी होते, खाली समुद्रावरचा दाब आणखी उतरतो आणि आजूबाजूची दमट हवा आणखी जोरात आत ओढली जाते. हे चक्र चालू राहायचं तर धुराडं उभं राहिलं पाहिजे. वरच्या आणि खालच्या वाऱ्यात ताशी ३५-४० किमीपेक्षा जास्त फरक पडला की ते तिरपं होतं आणि सुटलेली उष्णता केंद्राच्या डोक्यावर न थांबता बाजूला वाहून जाते.

ऐन पावसाळ्यात नेमकं हेच होतं. खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर १४-१५ किमीवर पूर्वेकडून येणारा झोत. त्यात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ वाऱ्यामुळे तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून अरबी समुद्रातली वादळं एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन खिडक्यांत येतात. २०२० सालचं निसर्ग चक्रीवादळ आलं ते ३ जूनला, मान्सूनचा वरचा झोत पक्का होण्याआधी.

ही २६.५ ची संख्या आली कुठून? आणि हवामान बदललं तरी तीच राहणार का? (नाशिक, विज्ञान शिक्षिका)

फार मोलाचा प्रश्न आहे, कारण लोकांची चूक इथेच होते. फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पाल्मेन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की अशी वादळं साधारण २६-२७ अंशांहून गरम पाण्यावरच जन्मतात. पुढे २६.५ हा आकडा रूढ झाला. पण तो निसर्गाचा अढळ स्थिरांक नाही. खालची हवा किती गरम आणि किती दमट आहे आणि वरची हवा किती थंड आहे, या दोन्हींचा मेळ पाहून ढग उंच चढायचा की नाही हे ठरतं. आज उष्ण कटिबंधात वरच्या हवेची जी स्थिती आहे, तिच्यासाठी समुद्राचं तापमान साधारण २६.५ लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

पृथ्वी तापते तेव्हा उष्ण कटिबंधातली १०-१२ किमीवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षाही जास्त तापते. म्हणजे समुद्र तापला तशी उंबरठ्याची पातळीही वर सरकते. ‘२६.५ च्या वर असलेला समुद्र इतक्या टक्क्यांनी वाढला, म्हणून वादळंही तितक्या टक्क्यांनी वाढणार’ हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालात हेच आहे: जगभरातल्या वादळांची एकूण संख्या तेवढीच राहील किंवा थोडी घटेल, पण त्यात तीव्र वादळांचं प्रमाण वाढेल.

मग कुठल्या समुद्राला जास्त धोका? जो समुद्र इतरांपेक्षा जास्त वेगानं तापतोय त्याला. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने तापला आणि त्याच काळात जगातल्या समुद्रपृष्ठाची सरासरी वाढ होती ०.७ अंश. काळजीचं कारण या ०.३ च्या फरकात आहे.

हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ यांत फरक काय? (सोलापूर)

जात एकच, नावं प्रदेशाप्रमाणे. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून. वेगाचे आकडे मात्र थेट शेजारी ठेवू नका. अमेरिकेत १ मिनिटाची सरासरी घेतात, आपला हवामान विभाग ३ मिनिटांची. त्याच वादळाचा आपला आकडा थोडा कमी दिसतो. आपल्याकडे ताशी ६२ किमीला चक्रीवादळ, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र आणि २२२ ला सुपर सायक्लोन म्हणतात. हरिकेन हा शब्द ११९ पासून लागतो.

अरबी समुद्रात वादळं खरंच वाढली, की आता बातम्या जास्त होतात? (रत्नागिरी)

शंका योग्य आहे. उपग्रह नव्हते तेव्हा भर समुद्रात उठून तिथेच विरलेलं वादळ कुणाच्या नोंदीत येईलच असं नव्हतं. म्हणून तुलना उपग्रहांच्या काळातल्या काळाशीच करायला हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२-२००० आणि २००१-२०१९ हे दोन काळ ताडून पाहिले. अरबी समुद्रात चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी, अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी आणि वादळांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी वाढलेला दिसला. बंगालच्या उपसागरात संख्या ८ टक्क्यांनी घटली.

हे आकडे वाचताना एक भान ठेवा. जुन्या हिशेबात उपसागरात ४ वादळं तेव्हा अरबी समुद्रात १ असं प्रमाण होतं. मूळ संख्या लहान असली की टक्केवारी मोठी दिसते. आणि प्रत्येक वर्षाचं श्रेय हवामानबदलाला देता येत नाही. २०१९ मध्ये अरबी समुद्रात ५ चक्रीवादळं झाली, क्यार आणि महा ही दोन तर एकाच वेळी समुद्रात होती. पण त्याच वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा गरम आणि पूर्व भाग गार, अशी स्थिती फार जोरात होती. ती अधूनमधून येतच असते. तापलेल्या समुद्रावर असं वर्ष आलं की परिणाम जास्त दिसतो, असं म्हणणं रास्त.

ओखीच्या वेळी एका दिवसात चित्र पालटलं. वादळ एवढं अचानक का जोर धरतं? आणि आम्ही बोटीवाल्यांनी नेमकं काय पाहायचं? (मालवण)

या प्रश्नाला जागा जास्त द्यावी लागेल, कारण यावर जीव अवलंबून आहेत. २०१७ च्या ओखीत २९ नोव्हेंबरला डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची कमी जोराची पायरी, होतं, ३० ला चक्रीवादळ झालं आणि १ डिसेंबरला अतितीव्र. केरळ आणि तमिळनाडूतले कित्येक मच्छीमार तेव्हा खोल समुद्रात होते, त्यातले अनेक परतले नाहीत. मेक्सिकोत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओटिस हे वादळ जमिनीवर येण्याच्या २४ तास आधी हरिकेनसुद्धा नव्हतं. अकापुल्कोजवळ धडकलं तेव्हा वारा ताशी २५० किमीच्या पुढे होता. २४ तासांत वेग ताशी ५५ किमीने वाढला तर त्याला शीघ्र तीव्रीकरण म्हणतात. ओटिसमध्ये वाढ त्याच्या तिपटीहून जास्त होती.

याचं उत्तर पृष्ठभागावर नाही, खाली आहे. वादळ समुद्र घुसळतं. लाटा आणि वारा वरचं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळतात, शिवाय केंद्राखाली तळाचं पाणी वर खेचलं जातं. म्हणून वादळ गेल्यावर त्याच्या मागे १ ते ५-६ अंश गार झालेला पट्टा राहतो. गरम थर पातळ असेल तर वादळ स्वतःच स्वतःचा जाळ विझवतं. थर जाड असेल तर कितीही घुसळलं तरी वर गरमच पाणी येतं.

दोन जागा घ्या. दोन्हीकडे पृष्ठभाग २९ अंश. पहिल्या जागी २६ अंशांच्या वरचं पाणी फक्त २० मीटरपर्यंत आहे, दुसऱ्या जागी ६० मीटरपर्यंत. थराचं सरासरी तापमान २६ पेक्षा २ अंशांनी जास्त धरा. पाण्याच्या दर चौरस सेंटिमीटर स्तंभात पहिल्या जागी सुमारे १६ किलोज्यूल उष्णता साठलेली निघते, दुसऱ्या जागी सुमारे ४९. किनाऱ्यावरून किंवा उपग्रहाच्या रंगीत नकाशात दोन्ही जागा अगदी सारख्या दिसतात. हवामान विभागाच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये हाच आकडा ‘ट्रॉपिकल सायक्लोन हीट पोटेन्शियल’ या नावाने असतो. ५० च्या वर असेल तर पाणी वादळाला बळ देणारं आहे, १०० च्या आसपास असेल तर अचानक जोर धरण्याची तयारी ठेवायची, असं समजा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याचे नकाशे काढते. त्यासाठी लागणारं खालच्या पाण्याचं तापमान बऱ्याच अंशी आर्गो तरंगकांकडून येतं. हे तरंगक १,००० मीटरवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व खारटपणा मोजून उपग्रहाला पाठवतात.

हवामानबदलाचा संबंध इथे थेट आहे. पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानं घेतली आहे आणि ती पृष्ठभागावरच थांबलेली नाही. थर जाड होतोय. म्हणून वादळ जास्त वेळा उठेल की नाही यापेक्षा, उठलेलं वादळ किती झपाट्यानं वाढेल, याची धास्ती मोठी आहे.

आता बोटीचा हिशेब. ट्रॉलर ताशी ७-८ सागरी मैल, म्हणजे १३ ते १५ किमी चालतो. किनाऱ्यापासून १५० किमीवर असाल तर परतायला १० ते १२ तास, तेही समुद्र शांत असताना. वादळाचा जोराचा वारा केंद्राच्या १००-२०० किमी पुढे पोचलेला असतो आणि डिप्रेशनचं तीव्र वादळ व्हायला कधी कधी २४ तास पुरतात. म्हणून नाव पडण्याची वाट पाहायची नाही. नाव ६२ किमी वेगाला पडतं, तोवर उशीर झालेला असतो. ‘डिप्रेशन’ हा शब्द ऐकला की जाळी ओढायची.

निघण्याआधी हवामान विभागाचा रोजचा उष्णकटिबंधीय अंदाज पाहा. पुढच्या ७ दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता त्यात ‘नाही, कमी, मध्यम, जास्त’ अशी दिलेली असते. मध्यम असेल तर एका दिवसात परतता येईल एवढ्याच अंतरावर जा. जास्त असेल तर जाऊच नका. समुद्रात असताना व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनल चालू ठेवा. बंदरावर ३ नंबरचा बावटा लागला तर बंदरालाच वाऱ्याचा तडाखा बसू शकतो असा इशारा असतो. १ आणि २ लांबच्या समुद्रासाठी असतात, ते ‘आपल्याला नाहीत’ म्हणून सोडून देऊ नका. लांबच्या समुद्रात जाणाऱ्यासाठी तेच पहिले इशारे आहेत. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० महाधोक्याचे. ११ म्हणजे संपर्कच तुटला.

उपसागराचं पाणी तर पृष्ठभागावर पटकन निवायला हवं, गंगेचं एवढं पाणी येतं. तरी तिकडे वादळं जास्त कशी? (नागपूर)

नदीचं पाणी येतं म्हणूनच. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावदीचं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते वर झाकणासारखं पसरतं. वादळाला ते झाकण फोडून खालचं गार पाणी वर आणणं जड जातं, त्यामुळे समुद्र निवत नाही. अरबी समुद्राचं पाणी जास्त खारं आहे, असं झाकण तिथे नाही. तिथे घुसळण सोपी, म्हणून पूर्वी वादळं लवकर दमायची.

इथे ओमानमध्ये गेली काही वर्षं वादळांची भीती वाढली आहे. वाळवंटात वादळ टिकतं कसं? (मस्कत)

टिकत नाही, पण जाता जाता पाऊस टाकून जातं. ओमान-येमेनकडे जाणाऱ्या वादळात अरबस्तानची कोरडी हवा शिरते, किनाऱ्याजवळचं पाणीही बहुधा गार असतं, त्यामुळे पूर्वी बरीच वादळं किनाऱ्याआधीच मोडायची. २००७ चं गोनू, २०१५ मध्ये येमेनवर पाठोपाठ आलेली चपाला आणि मेघ, २०१८ चं सलालाजवळचं मेकुनू आणि २०२१ चं शाहीन ही मोडली नाहीत. शाहीन तर उपसागरातल्या गुलाब वादळाच्या उरलेल्या ढगांतून अरबी समुद्रात पुन्हा उभं राहिलं.

तुमच्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याची काळजी जास्त करा. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. उघड्या खडकाळ डोंगरांवर हे पाणी मुरत नाही, वाद्या, म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढ्यांचे पाट, काही मिनिटांत भरतात. वादळाच्या दिवशी वादी ओलांडून गाडी नेऊ नका, पाणी गुडघाभर दिसलं तरी.

समुद्रात बर्फ टाकून किंवा खालचं पाणी पंपाने वर आणून वादळ थांबवता येईल का? (पुणे, इयत्ता ९ वी)

हिशेब करून पाहू. १०० किमी लांब, १०० किमी रुंद आणि ५० मीटर खोल पाणी फक्त २ अंशांनी गार करायचं, तर सुमारे ९०० कोटी टन बर्फ लागेल. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणीपुरवठा होतो. म्हणजे मुंबईच्या ६ वर्षांहून जास्त पाण्याचा बर्फ, आणि तो वादळ कुठून जाणार हे बरोबर ओळखून आधीच नेऊन टाकायचा. शिवाय वितळलेलं पाणी गोडं असणार, ते वर झाकण होऊन बसेल. वरच्या उत्तरातली गंगा आठवा. पंपांचंही तेच. वादळ पुढच्या काही तासांत त्या चौकोनाबाहेर गेलेलं असतं. प्रश्न मात्र असेच विचारत राहा आणि प्रत्येक वेळी आकडा मांडून पाहा.

निसर्गमध्ये आमचे पत्रे उडाले. पुन्हा बसवताना किती वाऱ्यासाठी बसवायचे? पुढची वादळं आणखी जोराची असतील का? (श्रीवर्धन)

निसर्गचा वारा ताशी ११० ते १२० किमी होता. वाऱ्याचा दाब काढायचा साधा हिशेब असा: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. १२० किमी म्हणजे ३३.३ मीटर. दाब आला दर चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे ६८ किलो. १० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा भरतो. त्या एका पत्र्यावर २२० किलोंची ओढ, आणि ती वरच्या दिशेने. छपराच्या कडेला आणि कोपऱ्यांत ती याहून बरीच जास्त असते. वेग १६० झाला तर दाब दर चौरस मीटरला १२० किलोंवर जातो. जग २ अंशांनी तापलं तर वादळांचा कमाल वेग सरासरी ५ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज आहे. ५ टक्के वेग म्हणजे १० टक्के दाब.

घर निदान १६० च्या हिशेबानं बांधून घ्या. पत्रा बहुधा मधून सुटत नाही, वळचणीची पहिली ओळ सुटते आणि मग बाकीचे एकामागून एक जातात. म्हणून वळचण, आढं आणि दोन्ही बाजूंच्या कडा इथे हुक मधल्या भागाच्या दुप्पट लावा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात नको, तिथून गळतं. हुकाखाली रबराचा आणि लोखंडाचा असे दोन्ही वॉशर हवेत. नुसत्या नटाभोवती पत्रा फाटून निघतो. खारा वारा असल्यामुळे गॅल्व्हनाइज केलेलेच हुक घ्या आणि दर पावसाळ्याआधी गंजलेले बदला. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

पत्रा वाश्याला घट्ट बसला आणि वासा भिंतीवर नुसताच टेकलेला असला, तर वाऱ्यात सगळं छप्पर एकत्र उचललं जाईल. वासा लोखंडी पट्टीनं भिंतीवरच्या आडव्या तुळईला आणि तुळई बोल्टनं भिंतीत खोलवर जखडलेली हवी. वादळात वाऱ्याच्या तोंडावरचं दार किंवा खिडकी उघडी राहू देऊ नका, आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. आणि मध्येच वारा पडला तर बाहेर येऊन पत्रे बघायला चढू नका. कदाचित तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असेल. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने येतो आणि पहिल्या झोतात सैल झालेला पत्रा तेव्हा सुटतो.